आईला ‘टुडे’च्या खिडकीपाशी नेलं त्याची गोष्ट

‘टुडे’ या अमेरिकेतल्या सकाळच्या टीव्ही शोचं तिकीट कुठे मिळतं, असं गेल्या दोन महिन्यांत आमच्या भिशीतल्या तिघींनी विचारलं. तिकीट नसतंच. पहाटे उठून न्यूयॉर्कला जायचं आणि रस्त्यावर उभं राहायचं, बास. इतकं सोपं असूनही आम्हाला ते जमायला जून ते सप्टेंबर लागले. तिघींना फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. सोबत बहात्तर वर्षांची आई होती, तिचा डावा गुडघा होता आणि माझी कॅमेऱ्याची भीती होती, हे धरून वाचा.

सुरुवात व्हिसापासून करायला हवी. आम्ही आईचा डीएस-१६०, म्हणजे अमेरिकन व्हिसाचा अर्ज, फेब्रुवारी २०२३ मध्ये भरला. पहिल्यांदाच व्हिजिटर व्हिसा मागणाऱ्यांना तेव्हा मुंबईत मुलाखतीच्या तारखा दीड-दोन वर्षांनंतरच्या दिसत होत्या. फी १६० डॉलर होती; १७ जून २०२३ पासून ती १८५ झाली, आमचं थोडक्यात वाचलं. फीची पावती वर्षभर चालते आणि तेवढ्या काळात तारीख घ्यावीच लागते, म्हणून मी दिसेल ती लांबची तारीख आधी पकडून ठेवली आणि मग अलीकडची शोधत बसले. तारीख बदलायची संधी मोजून मिळते, तेव्हा चार दिवस अलीकडची दिसली म्हणून लगेच बटण दाबू नका. मला शेवटी नोव्हेंबरची मिळाली. पहिल्या दिवशी फोटो आणि बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीत मुलाखत. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे भाऊ तिचा फोन घेऊन बाहेर फुटपाथवर. आईने पेन्शनची कागदपत्रं, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, लग्नाचा फोटो अशी जाडजूड फाइल नेली होती. त्यातला एकही कागद कोणी मागितला नाही. मुलगी काय करते, किती दिवस राहणार, परत कधी येणार, एवढं विचारून दोन मिनिटांत मोकळी केली. आईला व्हिसा मिळाल्याचा आनंद होता, पण फाइल कोणी उघडली नाही याचं दुःख अजून गेलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं काढलेली बाई आहे, कागद तपासला गेला नाही म्हणजे तिला काम अर्धवट वाटतं.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिल २०२४ ला, ती नेवार्कला उतरली. आय-९४ वर, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवर, सहा महिने मिळाले, म्हणजे ९ ऑक्टोबर. ही तारीख मी फ्रिजवर लावली. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायचं ते या तारखेपर्यंतच, हे घरात सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

आणि मग ते सुरू झालं, जे आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात होतं आणि ज्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. सकाळी पावणेआठला लेक शाळेच्या बसमध्ये, मी आणि नवरा कामावर. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात आई एकटी. बाहेर फुटपाथ आहे, पण त्यावर माणूस नाही. साताऱ्यात दारात उभं राहिलं की दहा मिनिटांत चौघांशी बोलणं होतं. इथे दहा दिवसांत एक पोस्टमन दिसला, तोही गाडीतून उतरला नाही. इथली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, सगळ्या मैत्रिणी देवळात नाहीतर मालिकांसमोर. तिसऱ्या आठवड्यात तिने सगळे डबे घासून, उलटे करून, उन्हात ठेवले. स्वच्छ होते हो डबे.

टीव्ही लावून दिला तो लेकीने. चार नंबर, म्हणजे न्यूयॉर्कचं एनबीसी. सकाळी सातला ‘टुडे’ सुरू होतो. आईचं इंग्रजी वाचण्यापुरतं ठीक होतं, पण अमेरिकन बोलणं कानाला लागत नव्हतं. ते लागलं हवामानामुळे. अल रोकर म्हणून एक गृहस्थ १९९६ पासून या कार्यक्रमात रोजचं हवामान सांगतात. नकाशा समोर, आकडे समोर, आणि माणूस हसतमुख. आई वही घेऊन बसायची. फॅरनहाइटमधून बत्तीस वजा, गुणिले पाच, भागिले नऊ. आठवड्याभरात ती आम्हाला निघताना सांगायला लागली, “आज छत्री न्या. हवामानवाले म्हणालेत.” मग हळूहळू बाकीचे निवेदकही घरातले झाले. सव्हाना गथ्री म्हणजे ‘ती वकील’ (ती खरंच कायदा शिकलेली आहे), होडा कोटबी म्हणजे ‘ती मायाळू’, क्रेग मेल्विन म्हणजे ‘तो नीटनेटका’.

नवऱ्याला गोष्टी शोधून सांगायची हौस आहे. हा कार्यक्रम १४ जानेवारी १९५२ ला सुरू झाला, हे त्यानेच सांगितलं. आई १९५२ ची. “म्हणजे आई, तुम्ही एकाच वर्गातल्या!” आईला हे फारच आवडलं. तेव्हा सकाळी टीव्ही कोण बघणार म्हणून लोक हसले होते; डेव्ह गॅरोवे नावाचा पहिला निवेदक होता आणि पुढच्या वर्षी एक चिंपांझी आणला, जे. फ्रेड मग्ज नावाचा, तेव्हा पोराबाळांसकट सगळे बघायला लागले. बार्बरा वॉल्टर्सला मात्र तिथे रोज काम करत असूनही सहनिवेदिका हे पद १९७४ मध्ये मिळालं. आई म्हणाली, “माकडाला लवकर मिळालं की मग.” चौतीस वर्षांत मुख्याध्यापकपद तीनदा हुकलेली बाई बोलत होती, त्यामुळे आम्ही दोघं गप्प.

तर, मे महिन्यात एका सकाळी आईने विचारलं, “त्या काचेमागं रोज माणसं उभी असतात, ती पैसे देऊन आणतात का गं?” मी बघितलं. स्टुडिओ वन-ए हा रॉकफेलर प्लाझा आणि फॉर्टी-नाइन्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तळमजल्याला आहे, १९९४ पासून कार्यक्रम तिथूनच होतो, आणि रस्त्याकडच्या भिंती काचेच्या आहेत. अगदी सुरुवातीलाही तो असाच रस्त्यावरच्या काचेमागून व्हायचा. बाहेर जे उभे असतात ते आपले कोणीही. पर्यटक, वाढदिवसवाले, लग्न ठरलेले, शाळेच्या सहली. फुकट, आधी येईल तो पुढे.

“मग आपण का नाही?” आई म्हणाली.

पहिला प्रयत्न जूनमधल्या एका शुक्रवारी झाला आणि त्यात चुकायचं ते सगळं चुकलं. चूक सगळी माझी. सात वाजता सुरू होतो ना, मग साडेसातला पोचलं तरी दीड तास आहे, असा माझा हिशोब. सहाला निघालो. लिंकन बोगद्यापाशी गाड्यांची रांग. सकाळी सहा ते दहा टोलचा दर चढा असतो, तेव्हा ई-झी पासवर (टोल आपोआप कापणारी पट्टी) १५.३८ डॉलर गेले. पार्किंग शोधण्यात पंधरा मिनिटं, त्याचे ३८ डॉलर. आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात बऱ्याच शुक्रवारी तिथे गाण्याची मैफल असते. आम्ही पावणेआठला पोचलो तेव्हा त्या गायकाच्या चाहत्या पोरी आदल्या रात्रीपासून बसलेल्या, अर्धा रस्ता भरलेला. आम्हाला जागा मिळाली ती इतकी मागे की स्टेज दिसेना, स्टुडिओ दिसेना, फक्त ढोल ऐकू येत होता. आई वीस मिनिटं उभी राहिली, मग म्हणाली, “आपल्या इथं गणपतीच्या मिरवणुकीत यापेक्षा जवळून दिसतं.” गुडघा सुजला तो पुढे चार दिवस. डॉलर साठेक, मनस्ताप वेगळा.

त्या चार दिवसांत मला वाटलं होतं विषय संपला. पण आईने टीव्हीवरच माहिती काढली. अल रोकरांनी २०२३ च्या मे महिन्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती, त्याआधीच्या हिवाळ्यात रक्ताच्या गुठळ्यांमुळे त्यांना बरेच दिवस इस्पितळात काढावे लागले होते, आणि हा माणूस रोज सकाळी रस्त्यावर उभा. “ते उभे राहतात, मग मी का नको?” असं म्हणून ती त्या दिवसापासून सकाळच्या दोन जाहिरातींच्या वेळात खुर्चीला धरून पाय उचलायचे व्यायाम करायला लागली. इथल्या फिजिओथेरपीला तिच्या प्रवासी विम्यातून पैसे मिळणार नव्हते (आधीपासूनचं दुखणं यात बसत नाही, पॉलिसीत नीट वाचा), त्यामुळे साताऱ्याच्या डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर दाखवले तेच.

दुसरी तारीख ठरवली २६ जुलै. रजा टाकली, पार्किंग आरक्षित केलं. त्या आठवड्यात आईचा मला ऑफिसात फोन. “अगं, हिच्या मागं तो लोखंडी मनोरा कसला दिसतोय?” पॅरिस! ऑलिंपिकचं उद्घाटन २६ जुलैला पॅरिसमध्ये होतं, अमेरिकेत ऑलिंपिक एनबीसीच दाखवतं, आणि सव्हाना, होडा दोघी तिकडे गेलेल्या. मी जगभराच्या बातम्या वाचते, पण ही जुळणी डोक्यात आलीच नाही. पार्किंगचं आरक्षण वेळेत रद्द केलं म्हणून पैसे परत आले. तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशीचा कार्यक्रम शेवटपर्यंत बघा; उद्या कुठून, उद्या काय, हे ते बोलता बोलता सांगतात. ऑलिंपिक, निवडणुका, मोठं वादळ, अशा वेळी मंडळी जागेवर नसतात.

ऑगस्ट असाच गेला. खरं सांगायचं तर मी टाळत होते. आईचा गुडघा हे निमित्त झालं. मला कॅमेऱ्याची भीती आहे, लग्नाच्या व्हिडिओतही मी प्रत्येक ठिकाणी मान वळवलेली आहे. तिथे बाहेर पाटी लावलेली असते की या जागेत उभं राहिलात म्हणजे तुमचं चित्रण दाखवायला तुमची संमती आहे. सही नाही, फॉर्म नाही, नुसतं उभं राहणं हीच संमती. हे वाचून मला घाम फुटला होता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “तू माझ्यामागं उभी राहा.”

शेवटी आईनेच तारीख ठरवली. तिला घटस्थापनेआधी घरी पोचायचं होतं, ती ३ ऑक्टोबरला. परतीचं तिकीट ३० सप्टेंबरचं. मधे गणपती, त्यात कोणी हलणार नाही. अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला, मंगळवारी. “विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी जाऊ. बुधवार चांगला.” मीही बघितलं, बुधवारी मैफल नाही, शाळा सुरू झालेल्या त्यामुळे उन्हाळी सुट्टीची गर्दी नाही. आता कारण उरलं नव्हतं.

फलकाचं काम लेकीकडे. चार डॉलरचा पांढरा पोस्टर बोर्ड. बायकांनो, फलकावर तीन-चारच शब्द लिहा आणि एक मोठा आकडा लिहा. गर्दीत वाचली जाते ती आकड्याची रेघ. काठीला लावू नका, हातात धरा. मागच्यांना दिसणार नाही इतका मोठा नको. वर देवनागरीत ‘नमस्कार, सातारा’, खाली इंग्रजीत ‘मी आणि टुडे, दोघींचा जन्म’ आणि त्याखाली वीतभर उंचीचं १९५२, नारिंगी रंगात, कारण त्यांचा रंग नारिंगी. ‘साताऱ्याहून’ लिहायचं का ‘सातारा’ यावर आई आणि नात यांच्यात दहा मिनिटं चर्चा झाली.

बुधवारी पहाटे तीनला गजर. आईची अंघोळ, पूजा, सगळं झालेलं होतं. मोतिया रंगाची साडी, त्यावर माझा स्वेटर आणि पायात माझ्या नवऱ्याने हट्टाने घ्यायला लावलेले बूट. नऊवारी नेसू का असं तिने विचारलं होतं. मी नको म्हटलं आणि आता वाटतं, नेसू द्यायला हवी होती. सव्वाचारला निघालो. सहाच्या आत बोगदा पार केला, टोल १३.३८. (हा टोल न्यूयॉर्कमध्ये शिरतानाच लागतो, परतताना नाही. आणि दर त्यानंतर वाढलेत.) पार्किंग आधीच अ‍ॅपवरून, सकाळी लवकर येणाऱ्यांच्या सवलतीत ३२ डॉलर, सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे. तिथून आईच्या चालीने बारा मिनिटं.

सव्वापाचला पोचलो तेव्हा अंधार होता आणि आमच्यापुढे सतरा माणसं. मी मोजली. ओहायोच्या चार मैत्रिणी, एक नवपरिणीत जोडपं, एका शाळेच्या बँडची मुलं आणि त्यांच्या दमलेल्या बाई. आईचं त्या बाईंकडे लगेच लक्ष गेलं. दोघींची भाषा जुळत नव्हती, पण बाईंनी हातानेच मुलांची संख्या मोजून दाखवली, आईने कपाळाला हात लावला, आणि दोघी हसल्या.

उभं राहायचं ते अडीच-तीन तास धरून चाला. बसायला काही नाही. आम्ही घडीचं स्टूल गाडीत नेलं होतं आणि आत नेऊ देणार नाहीत असं स्वतःच ठरवून गाडीतच ठेवलं. विचारलं नाही. विचारायला हवं होतं, नाही म्हणाले असते तर परत ठेवलं असतं. स्वच्छतागृहाचा प्रश्न मोठा आहे. रॉकफेलर सेंटरच्या जमिनीखाली दुकानांचे लांब बोळ आहेत, तिथे सोय आहे, पण आम्ही खाली उतरलो तेव्हा दार बंद होतं. शेवटी जवळच्या एका कॉफीच्या दुकानात तीन कॉफ्या घेऊन तो प्रश्न सुटला. निघायच्या आधी एक तास पाणी कमी प्या, गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे डॉक्टरांना विचारून ठरवा. नवरा जागा धरून उभा होता. तीन माणसं हवीतच, दोघांत हे जमत नाही.

आत सोडताना पिशव्या उघडून बघतात. आईच्या पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी होती. पांढरट राखाडी पूड, कागदाच्या घडीत. पहारेकऱ्याने ती उचलली आणि माझा जीव खालीवर झाला. आईने शांतपणे कपाळाला बोट लावून दाखवलं, मग वर आकाशाकडे. त्याने पुडी परत ठेवली आणि स्वतःच्या गळ्यातला क्रॉस दाखवला. आम्हाला जागा मिळाली कठड्याला लागून, पहिल्या ओळीत, डाव्या अंगाला. कठडा हा आईचा आधार. गुडघेवाल्यांसाठी पहिली ओळ ही चैन नाही, गरज आहे.

पावणेसातच्या सुमारास उजाडलं. समोरच्या खोलगट चौकात प्रॉमिथियसचा सोनेरी पुतळा आडवा पडलेला दिसायला लागला, ज्याच्या डोक्यावर डिसेंबरात ते मोठं ख्रिसमसचं झाड उभं करतात. काचेमागे दिवे लागले. माणसं केवढी! टीव्हीवर सोफ्यावर चार दिसतात, तिथे कॅमेरे ढकलणारे, केबल गुंडाळणारे, कानाला यंत्र लावून बोटांनी पाच, चार, तीन करणारे. आई बराच वेळ त्यांच्याकडेच बघत होती. म्हणाली, “घंटा देणारा शिपाई तो बघ.” बरोबर होतं, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच होतं.

एक गोष्ट आईने घरी बसून हेरली होती आणि ती प्रत्यक्षात उपयोगी पडली. अल रोकर देशभराचं हवामान सांगून झाल्यावर एक ठरलेलं वाक्य बोलतात, की आता तुमच्या भागात काय आहे ते बघा. ते वाक्य झालं की प्रत्येक शहरातलं स्थानिक केंद्र अर्धा मिनिट आपापला नकाशा दाखवतं. म्हणजे तेवढा वेळ घरच्या पडद्यावर ते दिसत नाहीत, आणि इथे रस्त्यावर मात्र मोकळे असतात. “तेव्हाच ते माणसांशी बोलत असणार,” असं आईचं अनुमान. पहिल्यांदा बाहेर आले ते आमच्यापासून लांब, बँडच्या मुलांपाशी. पोरांनी असा काही गलका केला की कबुतरं उडाली. माझ्या मनात एक भित्रा आनंद, की चला, वाचलो.

आठनंतर पुन्हा आले. या वेळी डावीकडून. कॅमेरावाला उलटा चालत त्यांच्यापुढे. आईने फलक छातीपाशी धरला, वर केला नाही, वर्गात तक्ता धरतात तसा. माझे दोन्ही हात तिच्या खांद्यावर आणि मान नेहमीप्रमाणे तिसरीकडे. नवरा सांगतो की कॅमेरा ओळीवरून सरकत आला आणि १९५२ वर क्षणभर रेंगाळला. मग ते वाक्य झालं, स्थानिक हवामान सुरू झालं, आणि ते ओळीतून हात मिळवत पुढे आले. आईच्या हातालाही हात लागला. तिने तयार करून ठेवलेलं इंग्रजी वाक्य होतं, दोन आठवडे घोकलेलं, की मी रोज तुमचं ऐकून छत्री न्यायला सांगते. त्यातलं एक अक्षर बाहेर आलं नाही. तिने नुसता मराठीत “बरे आहात ना?” असं विचारलं, ते हसले, मान हलवली, पुढे गेले.

बास. एवढंच झालं. आठ सेकंद असतील.

आई परतताना गाडीत बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटे आहेत. पण दमलेले वाटले.” अल रोकर ऑगस्ट १९५४ चे, तिला पाठ होतं.

आता चित्रणाबद्दल, कारण यात आमची जवळजवळ फजिती झाली होती. घरी डीव्हीआरवर रेकॉर्डिंग लावलं होतं, पण सात ते आठच. आई दिसली ती आठनंतर. सात ते अकरा सगळं लावा. पहिले दोन तास मुख्य कार्यक्रम, नऊनंतर तिसरा आणि दहानंतर चौथा तास असतो. आम्ही वाचलो ते पश्चिम किनाऱ्यामुळे. हा कार्यक्रम थेट दिसतो तो पूर्वेकडच्या वेळेत. कॅलिफोर्नियात तोच तीन तासांनी, त्यांच्या सातला लागतो. माझा मावसभाऊ सॅन होजेत असतो. गाडीतूनच त्याला उठवलं, तिकडे सकाळचे सहाही वाजले नव्हते. त्याने तिकडच्या आठनंतर फोन टीव्हीसमोर धरून चित्रण केलं आणि आमच्याकडच्या साडेअकरापर्यंत ते कुटुंबाच्या ग्रुपवर होतं. त्यात आई साडेतीन सेकंद स्पष्ट दिसते, ‘सातारा’ पूर्ण वाचता येतं, आणि माझा एक कान दिसतो.

खर्च विचारलात तर टोल, पार्किंग, तीन कॉफ्या नि खाणं आणि बोर्ड मिळून सत्तर डॉलरच्या आसपास. आता जाल तर एक खर्च वाढलाय. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये साठाव्या रस्त्याच्या खाली गाडी नेली की गर्दीशुल्क लागतं, आठवड्याच्या दिवशी पहाटे पाच ते रात्री नऊ ९ डॉलर, लिंकन बोगद्यातून आलात तर त्यातले ३ वजा. पहाटे पाचच्या आत शिरलात तर बरंच कमी. ट्रेनने जायचं असेल तर पेन स्टेशनवरून हेरल्ड स्क्वेअरला चालत येऊन तिथून एफ नाहीतर डी सबवे, दुसरं स्टेशन. बासष्ट वर्षांपुढच्यांना न्यू जर्सीच्या ट्रेनमध्ये सवलतीचं तिकीट आहे. पण पहाटे सव्वापाचला पोचवेल अशी ट्रेन मिळते का ते आदल्या दिवशी बघून घ्या. आणि जिने किती ते आईंना आधी सांगा.

आई जायच्या चार दिवस आधी, २६ सप्टेंबरला, होडा कोटबीने कार्यक्रम सोडत असल्याचं जाहीर केलं. मी ऑफिसात होते, फोन आला. “मायाळू चालली गं.” मला क्षणभर कळेना कोण चाललंय, कारण आमच्या घरात बॅगा भरणं सुरू होतं.

फलक बॅगेत मावेना. दुमडला तर १९५२ ची घडी पडत होती. मग लेकीने कात्रीने दोन भाग केले. ‘नमस्कार, सातारा’ आजीकडे गेलं, आकडा आमच्या फ्रिजवर राहिला, आय-९४ च्या तारखेच्या जागी.

होडाचा शेवटचा दिवस १० जानेवारी २०२५, शुक्रवार. मी घरून काम घेतलं होतं. सातला टीव्ही लावला आणि आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे साडेपाच वाजलेले, दिवेलागणीची वेळ. फोन पडद्यासमोर धरून बसले. प्लाझावर गर्दी लोटली होती, कडाक्याची थंडी, सगळ्यांच्या टोप्या-मफलरांतून नुसते डोळे दिसत होते. स्टुडिओत सगळे रडत होते, मीही थोडी. आईचं लक्ष तिकडे नव्हतं. फोनमध्ये डोळे बारीक करून ती गर्दीच बघत होती.

“ती पहिल्या ओळीत म्हातारी दिसतेय ना, लाल टोपीवाली,” ती म्हणाली, “तिला बसायला काही दिलंय का बघ.”